तळ्यातल्या शेवाळाचा हिशोब लावला, पण पेपर छापून आला तेव्हा लिंडमन जगात नव्हता

अमेरिकेतल्या मिनेसोटात सीडर बॉग लेक नावाचं तळं आहे. खोली जेमतेम मीटरभर. रेमंड लिंडमन पीएचडीसाठी पाच वर्षं याच तळ्याच्या मागं लागला होता. नमुने गोळा करायला सोबत बायको एलिनॉर.

हिवाळ्यात तळं गोठायचं. त्यावर हिमाचा थर बसला की खाली उजेड पोहोचायचा नाही, शेवाळाचं अन्न बनवणं बंद आणि पाण्यातला ऑक्सिजन संपत यायचा. वसंतात बर्फ वितळला, ऊन लागलं की शेवाळ परत फोफावायचं. हे सगळं मोजून लिंडमनने हिशोब काढला. तळ्यावर पडणाऱ्या सूर्याच्या ऊर्जेतली फक्त ०.१ टक्का शेवाळ आणि पाणवनस्पती पकडतात. त्यातली थोडीच त्यांना खाणाऱ्यांकडे जाते, पुढच्या पायरीला त्याहून कमी. शाळेत अन्नसाखळी शिकवताना ऊर्जेचा जो पिरॅमिड काढतात, त्याचं मूळ यात आहे.

१९४१ मध्ये तो येल विद्यापीठात गेला. पेपर 'इकॉलॉजी'कडे पाठवला, तर दोन्ही परीक्षकांनी नाकारला. त्यांच्या मते त्यात सिद्धांत जास्त आणि आकडे कमी होते. येलमधले मार्गदर्शक हचिन्सन यांनी संपादकांकडे शब्द टाकला, तेव्हा कुठं तो स्वीकारला गेला.

२९ जून १९४२ ला लिंडमन यकृताच्या आजाराने गेला. वय २६. पेपर ऑक्टोबरच्या अंकात आला.