ख्वाजा महमूद गावान (रह.)

इराणच्या गिलान प्रांतात जन्मलेले ख्वाजा महमूद गावान 1453 च्या सुमारास व्यापारी म्हणून बिदरला आले आणि बहामनी सल्तनतीचे वजीर झाले. उदगीर-देगलूरच्या शेजारचे बिदर तेव्हा दख्खनची राजधानी होते. दरबारात दखनी आणि आफाकी अमिरांचे वैर धुमसत असे. ख्वाजांनी दोन्ही गटांना पदे देऊन समतोल राखला. मात्र चार तरफांचे आठ करून प्रत्येक तरफदाराच्या हाती एकच किल्ला ठेवला. दुखावलेल्या अमिरांनी त्यांच्या मोहोरदाराला फितवून कोऱ्या कागदावर मोहोर उमटवून घेतली आणि त्यावर ओरिसाच्या राजाला स्वारीचे निमंत्रण लिहिले. मद्यधुंद सुलतान मुहम्मदशाह तिसरा याने 1481 मध्ये चौकशी न करताच वृद्ध वजिराचा शिरच्छेद करविला. नंतर त्यांच्या घरी संपत्ती शोधली, तर ती नाममात्रच निघाली. पश्चात्तापदग्ध सुलतान वर्षभरातच वारला आणि सल्तनतीचे तुकडे होत गेले.

फासिकाने आणलेल्या बातमीची शहानिशा करावी, अन्यथा पश्चात्ताप पदरी येतो, अशी सूरह हुजुरातची शिकवण आहे. सुलतानाने एका कागदावर विश्वास ठेवला. आपण मोबाइलवरील एका संदेशावर ठेवतो. ख्वाजांनी 1472 मध्ये उभारलेला मदरसा आजही बिदरमध्ये आहे. मुलांना तो अवश्य दाखवावा.