रेचल कार्सन : उशिरा कळलेले सत्य आणि त्यानंतरचा निर्णय

स्तनाच्या कर्करोगावरील शस्त्रक्रिया पार पडली, टाके निघाले, पॅथॉलॉजीचा अहवाल हाती आला, की रुग्णापुढे पुढचा प्रश्न उभा राहतो : रेडिएशन घ्यावे की नाही? छत्तीसगडची राजधानी रायपूर येथील रुग्णालयांत या उपचाराला 'सिकाई' म्हणतात. मराठी घरांतून 'शेक' किंवा 'लाइट' हे शब्द ऐकू येतात. नाव कोणतेही असले तरी निर्णय सोपा नसतो. अनेकदा तो रुग्ण स्त्रीऐवजी तिचा पती, मुलगा किंवा दीर घेतो आणि तिला आजाराचे नावही सांगितले जात नाही.

अमेरिकेतील जगद्विख्यात लेखिका आणि जीवशास्त्रज्ञ रेचल कार्सन यांच्या वाट्याला १९६० साली नेमके हेच आले. 'सायलेंट स्प्रिंग' या ग्रंथाने कीटकनाशकांच्या बेसुमार वापराविरुद्ध जगाला जागे करणाऱ्या या विदुषीपासून त्यांच्याच देहाविषयीचे सत्य आठ महिने दडवून ठेवण्यात आले होते.

नदीकाठचे बालपण

रेचल कार्सन यांचा जन्म २७ मे १९०७ रोजी पेनसिल्व्हेनिया राज्यातील स्प्रिंगडेल या गावी झाला. अ‍ॅलेघेनी नदीजवळच्या छोट्या शेतवाडीत त्या वाढल्या. आई मरिया यांनी लेकीला पक्षी, कीटक आणि झाडे ओळखायला शिकवले. घरची स्थिती बेताची होती. लेखनाची आवड मात्र लहानपणीच प्रकट झाली आणि मुलांच्या एका प्रसिद्ध मासिकात त्यांची कथा छापून आली.

लेखिका होण्याच्या इराद्याने त्यांनी महाविद्यालयात इंग्रजी साहित्य घेतले होते. तेथे जीवशास्त्राच्या प्राध्यापिका मेरी स्किंकर यांच्या अध्यापनाने त्या भारावल्या आणि त्यांनी विषय बदलला. १९३२ साली जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातून त्यांनी प्राणिशास्त्रातील पदव्युत्तर पदवी घेतली. पुढील शिक्षण पैशाअभावी सोडावे लागले. १९३५ साली वडील निवर्तले. दोन वर्षांनी थोरली बहीणही गेली आणि तिच्या दोन मुलींचा सांभाळ कार्सन व त्यांच्या आईकडे आला.

चरितार्थासाठी त्यांनी सरकारी मत्स्य विभागात नोकरी पत्करली. रेडिओसाठी सागरी जीवनावरील संहिता लिहिणे हे त्यांचे तेथील पहिले काम होते. दिवसा कार्यालय आणि रात्री लेखन, असा क्रम अनेक वर्षे चालला. १९५१ साली 'द सी अराउंड अस' प्रसिद्ध झाले आणि चित्र पालटले. हा ग्रंथ ८६ आठवडे सर्वाधिक खपाच्या यादीत राहिला. १९५२ साली त्याला राष्ट्रीय ग्रंथ पुरस्कार मिळाला आणि त्याच वर्षी नोकरी सोडून त्या पूर्णवेळ लेखिका झाल्या.

घराची जबाबदारी मात्र सुटली नाही. १९५७ साली सांभाळलेल्या भाच्यांपैकी एक मरण पावली. तिचा पाच वर्षांचा मुलगा कार्सन यांनी दत्तक घेतला. त्या वेळी त्या पन्नाशीच्या आणि अविवाहित होत्या. पुढच्या वर्षाच्या अखेरीस आईही गेली.

एक पत्र, एक ग्रंथ

जानेवारी १९५८ मध्ये मॅसॅच्युसेट्स राज्यातील ओल्गा हकिन्स या मैत्रिणीचे पत्र आले. डासांच्या निर्मूलनासाठी विमानातून डीडीटी फवारल्यानंतर आपल्या अंगणात पक्षी मरून पडल्याचे तिने कळवले होते. कार्सन या विषयाकडे पूर्वीपासून लक्ष ठेवून होत्या. आता त्यांनी तो हाती घेतला.

चार वर्षे त्यांनी शेकडो शोधनिबंध चाळले आणि शास्त्रज्ञांशी पत्रव्यवहार केला. कीटकनाशके मातीतून पाण्यात, पाण्यातून माशांत आणि अन्नातून माणसाच्या शरीरात कशी साठतात, याची साखळी त्यांनी जुळवली. ग्रंथातील काही भाग रसायने आणि कर्करोग यांच्या संबंधावर होता. तो लिहीत असतानाच या रोगाने त्यांना गाठले.

१९६० चा एप्रिल

स्तनातील गाठ काढण्याची शस्त्रक्रिया कार्सन यांच्यावर पूर्वीही झाली होती. १९५० साली काढलेली गाठ निरुपद्रवी असल्याचे सांगण्यात आले होते. १९६० च्या वसंतात पुन्हा गाठी आढळल्या. ४ एप्रिल १९६० रोजी त्यांच्यावर 'रॅडिकल मास्टेक्टमी' झाली. स्तनाबरोबर छातीचे स्नायू आणि काखेतील लसिका ग्रंथीही काढून टाकणारी ती मोठी शस्त्रक्रिया होती.

शुद्धीवर आल्यावर त्यांनी थेट विचारणा केली. गाठ संशयास्पद आहे, कर्करोगाच्या सीमारेषेवर आहे, एवढेच उत्तर मिळाले. पुढे रेडिएशन किंवा अन्य कोणताही उपचार सुचवला गेला नाही. प्रत्यक्षात गाठ कर्करोगाचीच होती आणि रोग लसिका ग्रंथींपर्यंत पोहोचला होता.

हा एका डॉक्टरचा विक्षिप्तपणा नव्हता, तो त्या काळचा रिवाज होता. १९६१ साली शिकागोतील एका रुग्णालयातील डॉक्टरांचे सर्वेक्षण प्रसिद्ध झाले. रुग्णाला कर्करोगाचे निदान न सांगण्याकडे आपला कल असल्याचे त्यांतील सुमारे ९० टक्के डॉक्टरांनी नोंदवले होते. स्त्री रुग्ण असेल तर बहुधा पतीला सांगितले जाई. कार्सन यांना पती नव्हता. आई हयात नव्हती.

याचा अर्थ असा, की रेडिएशन घ्यावे की नाही या प्रश्नावर त्यांनी चुकीचा निर्णय घेतला असे म्हणता येत नाही. निर्णय घेण्यासाठी प्रश्न माहीत असावा लागतो. तो त्यांच्यापर्यंत पोहोचलाच नाही.

नोव्हेंबरमध्ये शस्त्रक्रिया झालेल्या बाजूलाच बरगडीजवळ कठीण सूज दिसू लागली. आता मात्र कार्सन स्वस्थ बसल्या नाहीत. क्लीव्हलँड क्लिनिकमधील शल्यचिकित्सक डॉ. जॉर्ज क्राइल यांना त्यांनी गाठले.

ही निवड विचारपूर्वक होती. स्तनाच्या कर्करोगात सरसकट मोठी शस्त्रक्रिया करण्यास क्राइल यांचा विरोध होता आणि त्यासाठी त्यांनी व्यवसायबंधूंचा रोषही पत्करला होता. गरजेपुरताच उपचार आणि रुग्णाशी मोकळा संवाद, ही त्यांची भूमिका होती. डिसेंबर १९६० मध्ये कागदपत्रे तपासून त्यांनी कार्सन यांना वस्तुस्थिती सांगितली : हा कर्करोग आहे, तो पसरला आहे आणि आता रेडिएशन घ्यावे.

यानंतर कार्सन यांनी क्राइल यांना लिहिलेल्या पत्रात आभार मानले. सत्य पेलण्याची आपली बौद्धिक आणि मानसिक क्षमता त्यांनी गृहीत धरली, याचे समाधान त्यात व्यक्त झाले होते. वस्तुस्थिती मनासारखी नसली तरी ती माहीत असल्याने मन शांत राहते, असाही त्याचा आशय होता.

किरणांचे भय आणि किरणांचा आधार

कार्सन यांच्यासाठी हा निर्णय आणखी एका कारणाने अवघड होता. किरणोत्सर्गाच्या धोक्याची त्यांना पुरेपूर जाणीव होती. अणुचाचण्यांतून वातावरणात मिसळणारे स्ट्रॉन्शियम ९० आणि शेतांवर फवारली जाणारी रसायने यांची तुलना त्यांनी आपल्या ग्रंथात केली आहे. दोन्ही डोळ्यांना न दिसता सजीवांच्या पेशींपर्यंत पोहोचतात, हे त्यांच्या प्रतिपादनाचे एक मुख्य सूत्र होते.

तरीही जानेवारी १९६१ मध्ये त्यांनी रेडिएशन सुरू केले. यात विसंगती नव्हती. रसायनांचा वापर पूर्ण बंद करा, अशी त्यांची मागणी कधीच नव्हती. परिणाम माहीत नसताना, ज्यांच्यावर परिणाम होणार त्यांना न विचारता केलेला वापर त्यांना अमान्य होता. येथे लाभ आणि हानी दोन्ही समोर ठेवून संमती त्यांनी स्वतः दिली होती.

उपचार सुखाचे नव्हते. त्याच सुमारास जंतुसंसर्ग होऊन गुडघे आणि घोटे सुजले, चालणे अशक्य झाले. वर्षाच्या अखेरीस डोळ्यांच्या दाहामुळे वाचणे दुरापास्त झाले आणि साहाय्यिकेकडून मजकूर वाचून घेऊन त्यांना दुरुस्त्या कराव्या लागल्या. हस्तलिखित मात्र पूर्णत्वास गेले. 'सायलेंट स्प्रिंग' जून १९६२ पासून 'द न्यूयॉर्कर' साप्ताहिकात क्रमशः आणि २७ सप्टेंबर १९६२ रोजी ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाले.

रसायन उद्योगाने त्यांच्यावर झोड उठवली. आजाराची वार्ता बाहेर गेली तर आपले निष्कर्ष एका रुग्ण स्त्रीचा वैयक्तिक राग म्हणून झिडकारले जातील, हे त्यांनी ओळखले होते. म्हणून निकटच्या मोजक्या व्यक्तींखेरीज कोणालाही त्यांनी कळू दिले नाही. आपल्या आजाराची माहिती कोणाला द्यायची, हे ठरवण्याचा अधिकार आता त्यांच्या हाती होता.

एप्रिल १९६३ मध्ये त्या राष्ट्रीय दूरचित्रवाणीवर दिसल्या. मे महिन्यात राष्ट्राध्यक्ष जॉन केनेडी यांच्या विज्ञान सल्लागार समितीच्या अहवालाने त्यांच्या मुख्य मुद्द्यांना दुजोरा दिला. ४ जून १९६३ रोजी त्यांनी सिनेटच्या उपसमितीपुढे साक्ष दिली. डोक्यावर केसांचा टोप होता आणि हाडांपर्यंत पोहोचलेल्या रोगाच्या वेदना होत्या. समोरच्या सदस्यांना त्याची कल्पना नव्हती.

१४ एप्रिल १९६४ रोजी मेरीलँड राज्यातील सिल्व्हर स्प्रिंग येथील राहत्या घरी वयाच्या ५६ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. दत्तक मुलाचा सांभाळ त्यांचे संपादक पॉल ब्रुक्स यांच्या कुटुंबाने केला. १९७२ साली अमेरिकेत डीडीटीच्या शेतीतील वापरावर बंदी आली. १९८० साली देशाचा सर्वोच्च नागरी सन्मान कार्सन यांना मरणोत्तर देण्यात आला.

साठ वर्षांनंतर

एप्रिल १९६० मध्येच रेडिएशन मिळाले असते तर कार्सन वाचल्या असत्या का, या प्रश्नाला उत्तर नाही. त्या काळी असा उपचार कोणाला उपयोगी पडतो याचे पुरेसे पुरावे डॉक्टरांकडेही नव्हते. ते नंतरच्या दशकांत जमा झाले.

१९९७ साली डेन्मार्कमधील १,७०८ स्त्रियांवरील चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. या सर्व स्त्रियांचा रोग परतण्याचा धोका मोठा होता आणि सर्वांना केमोथेरपी दिली गेली होती. स्तन काढल्यानंतर ज्यांना रेडिएशनही मिळाले, त्यांपैकी ५४ टक्के दहा वर्षांनी हयात होत्या. ज्यांना मिळाले नाही, त्यांच्यात हे प्रमाण ४५ टक्के होते.

२०१४ साली २२ चाचण्यांतील ८,१३५ स्त्रियांच्या माहितीचे एकत्रित विश्लेषण झाले. काखेतील ग्रंथींत रोग पोहोचला असेल तर रेडिएशनमुळे रोग परतण्याचे आणि मृत्यूचे प्रमाण घटते, असे त्यातून दिसले. काखेतील ग्रंथी काढून तपासल्यावर एकीतही रोग आढळला नाही, अशा स्त्रियांना मात्र असा लाभ झाला नव्हता.

या दोन टोकांच्या मधल्या रुग्णांसाठी प्रश्न अजून खुला होता. मध्यम धोका असलेल्या सुमारे १,६०० स्त्रियांवरील 'सुप्रेमो' चाचणीचे निष्कर्ष २०२५ साली प्रसिद्ध झाले. छातीच्या भागाला रेडिएशन दिलेल्या आणि न दिलेल्या अशा दोन्ही गटांत दहा वर्षांनी हयात असलेल्यांचे प्रमाण ८१ ते ८२ टक्क्यांच्या दरम्यान होते. आधुनिक औषधांमुळे या गटातील अनेक स्त्रियांना रेडिएशन टाळता येईल, असा त्याचा अर्थ लावला जातो. रोग अधिक पसरलेल्यांना मात्र हे लागू होत नाही.

म्हणजेच उत्तर सर्वांसाठी एक नाही. गाठ किती मोठी होती, काखेतील किती ग्रंथींत रोग सापडला, रुग्णाचे वय काय, कोणती औषधे दिली जाणार आहेत, यावर ते अवलंबून असते. त्वचा भाजल्यासारखी होणे, थकवा, हाताची सूज, तसेच हृदय व फुप्फुसांवरील संभाव्य परिणाम, ही दुसरी बाजूही पाहावी लागते.

रायपूर : अंतर आणि अधिकार

कार्सन सिनेटपुढे उभ्या होत्या त्याच १९६३ साली रायपूर येथे वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. रायपूर तेव्हा मध्य प्रदेशात होते. आज या महाविद्यालयाशी संलग्न असलेल्या डॉ. भीमराव आंबेडकर स्मृती रुग्णालयात क्षेत्रीय कर्करोग केंद्र आहे. शहरात एम्सही आहे. पूर्वी मुंबईचे टाटा रुग्णालय गाठावे लागे, तेथे आता निदान उपचारांचा पर्याय राज्यातच उपलब्ध आहे.

तरी बस्तरमधील जगदलपूरहून रायपूर सुमारे तीनशे किलोमीटर आहे. रेडिएशन आठवड्यातून पाच दिवस घ्यावे लागते. पूर्वी ते पाच आठवडे चाले, आता अनेक ठिकाणी तीन आठवड्यांत पूर्ण होते. या काळात शहरात राहायचे कोठे, सोबत कोण, बुडालेल्या रोजीचे काय, हे प्रश्नही निर्णयाचाच भाग असतात. रोगाची अवस्था आणि उपचारातून अपेक्षित लाभ ठाऊक असेल, तरच त्यांचा ताळमेळ घालता येतो.

आईला सांगू नका, ती खचून जाईल, अशी विनंती नातेवाईक डॉक्टरांना आजही करतात. त्यामागे माया असते. मात्र ज्या स्त्रीला आजाराचे नाव माहीत नाही, तिला तीन आठवडे घर सोडून उपचार घेण्याचे कारणही पटत नाही. उपचार अर्धवट सोडला जाण्याचा धोका त्यातूनच वाढतो.

ग्रंथींचा अहवाल काय आला, रेडिएशन घेतल्याने माझा धोका किती कमी होईल आणि न घेतल्यास काय होऊ शकते, हे तीन प्रश्न रुग्णाने स्वतः विचारावयाचे असतात. कार्सन यांना त्यांची उत्तरे शस्त्रक्रियेनंतर आठ महिन्यांनी मिळाली. उरलेल्या तीन वर्षे चार महिन्यांत त्यांनी ग्रंथ पूर्ण केला, सिनेटपुढे साक्ष दिली आणि मुलाच्या भविष्याचा विचार केला.