डॉ. हेलन टॉसिग

ओठ व नखें निळीं, चार पावलें चाललें कीं उकिडवें बसणारें मूल पूर्वीं बहुधा बाळपणींच दगावत असे. अशा मुलांस उपाय आहे, परंतु तो वेळेवर झाला पाहिजे, हें ज्यांनीं जगास दाखविलें त्यांत डॉ. हेलन टॉसिगबाई अग्रगण्य होत.

बाईंचा जन्म ता. २४ मे १८९८ रोजीं अमेरिकेंतील केंब्रिज शहरीं झाला. त्या अकरा वर्षांच्या असतां आई क्षयानें वारली. लहानपणीं त्यांस वाचनाचे फार कष्ट पडत. तथापि त्यांनीं १९२७ सालीं बाल्टिमोर येथील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाची वैद्यकीय पदवी मिळविली, आणि १९३० सालीं तेथील मुलांच्या हृदयरोग-दवाखान्याचें काम त्यांजकडे आलें. ऐकूं कमी येऊं लागलें, तेव्हां त्या छातीवर हात ठेवून हृदयाची गति ओळखूं लागल्या.

कांहीं बाळें जन्मतां बरीं दिसत, आणि थोड्याच दिवसांत एकाएकीं निळीं पडून खालावत. ह्याचें कारण बाईंनीं शोधून काढिलें. गर्भांत असतां हृदयाजवळील दोन मोठ्या रक्तवाहिन्यांस जोडणारी एक लहान नळी असते. जन्मानंतर ती आपोआप बुजते. ज्या बाळाची फुप्फुसाकडील वाट अरुंद, त्यास ह्याच नळीचा आधार असतो. तर मग नवी नळी कां करूं नये, असें बाईंच्या मनांत आलें.

ही कल्पना त्यांनीं डॉ. आल्फ्रेड ब्लेलॉक ह्यांजपुढें मांडिली. ब्लेलॉक ह्यांचे कृष्णवर्णी साहाय्यक व्हिव्हियन थॉमस ह्यांनीं कुत्र्यांवर प्रयोग करून कृति बसविली. वर्णभेदामुळें त्यांचें नांव मात्र पुष्कळ वर्षें मागें राहिलें. ता. २९ नोव्हेंबर १९४४ रोजीं पंधरा महिन्यांच्या एका अत्यंत अशक्त मुलीवर पहिली शस्त्रक्रिया झाली. हाताकडे जाणारी रक्तवाहिनी फुप्फुसाच्या रक्तवाहिनीस जोडण्यांत आली. ती मुलगी कांहीं महिन्यांनीं वारली. परंतु पुढें एका सहा वर्षांच्या मुलाचे ओठ शस्त्रक्रियेच्या मेजावरच गुलाबी झाले. मग दूरदूरचे आईबाप मुलें घेऊन बाल्टिमोरास येऊं लागले.

ह्या शस्त्रक्रियेनें मूळ दोष जात नसे. मुलास वेळ मिळे. १९५४ सालीं डॉ. लिलेहाय ह्यांनीं हृदय उघडून दोषच दुरुस्त केला. त्यानंतर शस्त्रक्रियेचें वय उतरत गेलें, आणि आज ही दुरुस्ती बहुधा पहिल्या वर्षांतच करितात.

वाचकहो, सर्व व्यंगांस एकच वेळ लागू नाहीं. हृदयाच्या पडद्यांतील लहान भोंक पुष्कळदां आपोआप बुजतें. तेथें थांबणें बरें. भोंक मोठें असल्यास फुप्फुसांतील रक्तवाहिन्या हळूहळू कठीण होतात, आणि मग शस्त्रक्रियेची संधि कायमची जाते. थांबावें कीं घाई करावी, हें तपासणीवांचून घरीं कळत नाहीं. दूध पितांना घामाघूम होणाऱ्या, धाप लागणाऱ्या किंवा निळ्या पडणाऱ्या बाळास, तें मोठें झालें म्हणजे पाहूं, असें म्हणून घरीं ठेवूं नये.

बाई मे १९८६ मध्यें मोटारीच्या अपघातांत वारल्या. त्यांनीं ज्यांस बाळपणीं तपासिलें, त्यांतील कित्येक तोंपर्यंत संसारी झाले होते.