ऊर्जेचा हिशेब आणि काळाचा अंदाज

धनभारित अणुकेंद्रकाच्या दिशेने दुसरा धनभारित कण निघाला, की जवळ येताना त्याचा वेग ओसरू लागतो. प्रतिकर्षणाचे बल अंतरागणिक बदलत असल्यामुळे क्षणाक्षणाची गती मोजू गेल्यास गणित किचकट होते. ऊर्जेच्या अक्षय्यतेचा नियम हा गुंता सोडवितो. आरंभीची सारी गतिज ऊर्जा जेथे स्थितिज ऊर्जेत रूपांतरित होते, तेथे कण थबकतो व माघारी फिरतो. हे अंतर एका समीकरणात सापडते. तेथवर पोहोचण्यास किती काळ लागेल, हे मात्र ते समीकरण सांगत नाही. होमी जहांगीर भाभा यांच्या चरित्राकडे या दृष्टीने पाहणे उद्‌बोधक आहे.

मुंबईत १९०९ साली जन्मलेले भाभा १९२७ मध्ये यांत्रिक अभियांत्रिकी शिकण्यासाठी केंब्रिजला गेले आणि पदार्थविज्ञानात रमले. तेथील कॅव्हेंडिश प्रयोगशाळेचे प्रमुख होते रदरफोर्ड. माघारी फिरणाऱ्या अल्फा कणांवरून १९११ साली अणुकेंद्रकाचा शोध लावणारे ते हेच. १९३७ मध्ये भाभांनी हाइटलर यांच्यासमवेत विश्वकिरणांच्या वर्षावाची उपपत्ती मांडली. एका वेगवान कणाची ऊर्जा असंख्य कणांत कशी वाटली जाते, याचाच तो हिशेब होता.

१९३९ साली सुटीवर आलेले भाभा महायुद्धामुळे मायदेशीच राहिले. १९४५ मध्ये टाटा मूलभूत संशोधन संस्था आणि १९५४ मध्ये मुंबईच्या उपनगरातील ट्रॉम्बे येथे अणुऊर्जा केंद्र त्यांनी उभे केले. तेथे १९५६ साली ‘अप्सरा’ ही अणुभट्टी कार्यान्वित झाली. पुढे साडेपाच दशलक्ष व्होल्टचे व्हॅन डी ग्राफ यंत्रही तेथे आले. त्यातून सुटलेला प्रोटॉन सोन्याच्या केंद्रकापासून सुमारे २१ फेम्टोमीटरवरच थांबतो. त्या केंद्रकाची त्रिज्या जेमतेम ७ फेम्टोमीटर आहे. ॲल्युमिनियमचा विद्युतभार कमी, म्हणून त्याच्या केंद्रकाला तोच प्रोटॉन जाऊन भिडतो.

हायड्रोजनच्या केंद्रकांचा विद्युतभार तर सर्वांत कमी. ती एकत्र आणली तर संमीलनातून अपार ऊर्जा मिळेल, या आशेला हाच आधार होता. १९५५ साली जिनीव्हा येथील अणुऊर्जा परिषदेचे अध्यक्ष या नात्याने भाभांनी नियंत्रित संमीलन दोन दशकांत साधेल, असे भाकीत केले. २४ जानेवारी १९६६ रोजी माँ ब्लाँ पर्वतावरील विमान अपघातात त्यांचा अंत झाला. १९७५ साल उलटले, भाकीत खरे ठरले नाही. डिसेंबर २०२२ मध्ये अमेरिकेत २.०५ मेगाज्यूल लेसर ऊर्जेच्या मोबदल्यात ३.१५ मेगाज्यूल ऊर्जा मिळाली. परंतु ते लेसर चालविण्यास सुमारे ३०० मेगाज्यूल वीज खर्ची पडली होती.

भाभांचा ऊर्जेचा हिशेब चुकला नव्हता. प्रतिकर्षण ओलांडण्याची किंमत पूर्वीच ठाऊक होती. कोट्यवधी अंश तापमानाचा वायू कोंडून ठेवण्याची विद्या हस्तगत होण्यास किती वर्षे लागतील, हे त्या समीकरणात नव्हते. योजनांचे आकडे मांडणाऱ्यांनी आणि परीक्षेत हेच गणित सोडविणाऱ्या विद्यार्थ्यांनीही हा भेद ध्यानी ठेवावा. किंमत कळली, म्हणून मुदत कळली असे होत नाही.