समजून घ्या : बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षांनी पंडिता रमाबाईंना पुण्यात काय गवसले?

पंडिता रमाबाईंच्या धर्मांतराची चर्चा आजही होते. पण १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेऊनही त्यांचे मन शांत झाले नव्हते. ती शांतता त्यांना १८९१ च्या सुमारास पुण्यात मिळाली.

आधीचे आयुष्य कसे होते?
रमाबाईंचा जन्म १८५८ चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांच्याबरोबर कुटुंब तीर्थयात्रा करत फिरे. व्रते, उपवास, दानधर्म सारे केले. तरी दुष्काळात आई-वडील आणि थोरली बहीण दगावली.

इंग्लंडमध्ये काय पाहिले?
लंडनच्या फुलम भागात ख्रिस्ती भगिनी समाजाने ‘पतित’ ठरवलेल्या स्त्रियांना मायेने सांभाळत होत्या. अशा बाईलाही परतीची वाट असते, हे रमाबाईंना नवे होते.

मग पुण्यात काय घडले?
१८८९ मध्ये मुंबईत सुरू केलेले शारदा सदन त्यांनी पुढच्याच वर्षी पुण्यात आणले. काम जोरात होते, पण मनातला अपराधभाव जात नव्हता. त्याच काळात विल्यम हॅस्लम या इंग्रज धर्मोपदेशकाचे आत्मकथन त्यांच्या वाचनात आले. अनेक वर्षे धर्मोपदेशक राहूनही हॅस्लमला खरी श्रद्धा उशिरा गवसली होती. आपणही धर्म स्वीकारला, ख्रिस्ताला नाही, असे रमाबाईंना वाटले.

ही श्रद्धा नेमकी काय सांगते?
पापांची क्षमा पुण्यकर्मांनी कमवता येत नाही. ख्रिस्तावर विश्वास ठेवणाऱ्याला ती देवाच्या कृपेने मिळते. सत्कर्म ही त्या क्षमेची किंमत नव्हे, तिचे फळ.

किंमत काय मोजावी लागली?
सदनातील मुली रमाबाईंच्या प्रार्थनेला बसू लागल्या आणि पुण्यात वादळ उठले. १८९३ मध्ये न्या. रानडे, डॉ. भांडारकर यांनी सदनाशी संबंध तोडला. अनेक पालकांनी मुली काढून नेल्या.

पुढे काय झाले?
रमाबाईंनी दौंडजवळ केडगावला ‘मुक्ती’ उभी केली. १८९६-९७ च्या दुष्काळातील शेकडो मुली-बायकांना आसरा दिला. तिथेच ‘कृपा सदन’ निघाले, ते फुलमप्रमाणेच ‘पतित’ ठरवलेल्या स्त्रियांसाठी. हिब्रू आणि ग्रीक शिकून त्यांनी बायबलचे मराठी भाषांतर केले. ५ एप्रिल १९२२ रोजी केडगावलाच त्यांचे निधन झाले.

धर्मांतराबद्दल मते काहीही असोत. ज्या बाईला घर आणि गाव दोन्ही दार लावत होते, तिच्यासाठी रमाबाईंनी एक दार उघडे ठेवले.