शिंप्याचा पोर आणि उष्णतेचे गणित

खामगावच्या चांदीबाजारातला कारागीर तापलेली पट्टी आचेवरून काढून बाजूला ठेवतो. मग तिचा मधला भाग आधीच्या सर्वांत तप्त जागेहून अधिक तापेल, असे कधी घडत नाही. यामागचे समीकरण दिले जोसेफ फूर्ये यांनी. १७६८ साली फ्रान्समध्ये शिंप्याच्या घरी जन्म, दहाव्या वर्षाच्या आसपास पोरकेपण. पुढे क्रांतीत तुरुंग, नेपोलियनबरोबर इजिप्त. ग्रनोबलचा कारभार पाहता पाहता १८०७ साली सादर केलेला प्रबंध लाग्रांजसारख्या बुजुर्गांना पटला नाही. १८१२ मध्ये बक्षीस मिळाले, तेही काटेकोरपणा उणा असल्याचा ठपका ठेवून! ग्रंथ निघाला १८२२ साली. पट्टीतून उष्णता निसटतच असेल, म्हणजे समीकरणाच्या जागी असमानता आली, तरीही कमाल तापमान आरंभीच्या क्षणी किंवा कडांवरच सापडते. हे ‘कमाल तत्त्व’ पुढच्या पिढ्यांनी सिद्ध केले. फूर्ये १८३० मध्येच निवर्तले होते.