एडिंबरोहून केंब्रिजला : जेम्स क्लार्क मॅक्सवेल

दोन-तीन वर्षे शिकलेले महाविद्यालय सोडून दूरच्या, अधिक नामांकित विद्यापीठात जावे की नाही, हा पेच आपल्या अनेक कुटुंबांत उभा राहतो. जवळ आलेली पदवी सोडायची, परक्या गावी पुन्हा पहिल्या पायरीवर उभे राहायचे, आणि मागे राहणाऱ्या आईवडिलांनी धीर धरायचा. प्रकाश हा विद्युत्-चुंबकीय तरंग आहे, असा सिद्धान्त मांडणारे थोर शास्त्रज्ञ जेम्स क्लार्क मॅक्सवेल यांच्यापुढे १८५० साली, वयाच्या १९ व्या वर्षी, हाच पेच होता.

त्यांचा जन्म १३ जून १८३१ रोजी स्कॉटलंडमधील एडिंबरो येथे झाला. वडील जॉन यांनी वकिलीची सनद घेतली होती. परंतु त्यांचे मन रमे ते यंत्रांमध्ये व ग्लेनलेअर येथील आपल्या जमीनजुमल्यात. आई फ्रान्सिस हीच मुलाची पहिली शिक्षिका. पवित्र शास्त्राचे पाठांतर तिने त्याच्याकडून असे करून घेतले, की आठव्या वर्षी १७६ वचनांचे ११९ वे स्तोत्र त्याला मुखोद्गत होते. १८३९ च्या डिसेंबरात कर्करोगाने तिचे निधन झाले. घरात उरले ते वडील आणि त्यांचा एकुलता मुलगा.

१८४१ साली जेम्स एडिंबरोच्या शाळेत दाखल झाला. घरच्या नमुन्याचा अंगरखा, चौकोनी टोकांचे बूट आणि खेडवळ बोली पाहून मुलांनी त्याला वेडगळ ठरविले. परंतु १४ व्या वर्षी त्याने अंडाकृती वक्ररेषा दोऱ्याच्या साहाय्याने काढण्याची रीत शोधली, आणि प्राध्यापक जेम्स फोर्ब्ज यांनी त्याचा तो निबंध १८४६ साली एडिंबरोच्या रॉयल सोसायटीपुढे वाचून दाखविला.

पुढच्याच वर्षी, १६ व्या वर्षी, त्याने एडिंबरो विद्यापीठात प्रवेश घेतला. तेथे सर विल्यम हॅमिल्टन तर्कशास्त्र, केलंड गणित आणि फोर्ब्ज पदार्थविज्ञान शिकवीत. फोर्ब्ज यांनी तर त्याला आपली उपकरणे मोकळेपणी वापरू दिली. रंगांच्या मिश्रणाचे प्रयोग १८४९ मध्ये त्यांच्याच सहवासात सुरू झाले. उन्हाळ्याच्या दीर्घ सुटीत जेम्स ग्लेनलेअरला धुण्याच्या खोलीवरील माळ्यावर आपली लहानशी प्रयोगशाळा थाटून बसे. या तीन वर्षांत त्याने आणखी दोन निबंध सिद्ध केले.

मग हे विद्यापीठ सोडण्याचा विचार तरी का यावा? त्या काळी गणिताच्या उच्च शिक्षणात केंब्रिजचा अधिकार मोठा होता. जेम्सचा शाळासोबती पीटर टेट एडिंबरोत एकच वर्ष काढून १८४८ मध्ये तिकडे गेला होता. जेम्स मात्र मागे राहिला. मुलाने आपल्याप्रमाणे वकील व्हावे, अशी वडिलांची इच्छा होती. शिवाय ते कोणताही निर्णय घाईने घेत नसत. जेम्सनेही कायद्याच्या अभ्यासाची तयारी दाखविली होती. परंतु आपल्याला ओढ आहे ती न्यायालयातील कायद्यांची नव्हे, सृष्टीच्या नियमांची, हे त्याच्या हळूहळू ध्यानी आले. त्याने हट्ट धरला नाही, वाट पाहिली. फोर्ब्ज यांनीही आपला सर्वोत्तम विद्यार्थी स्वतःपाशी अडकवून न ठेवता केंब्रिजच्या ट्रिनिटी महाविद्यालयाचे प्रमुख ह्युएल यांना त्याच्याविषयी पत्र लिहिले. अखेर वडिलांनी संमती दिली, आणि १८५० च्या ऑक्टोबरात ते स्वतः मुलाला केंब्रिजला पोहोचवायला गेले. एडिंबरोची पदवी घ्यायची राहिली, ती राहिलीच.

तेथेही पहिली निवड टिकली नाही. टेट ज्या पीटरहाऊस महाविद्यालयात होता, तेथेच जेम्सने नाव घातले. परंतु पुढे अधिछात्र म्हणून निवड होण्याची संधी तेथे फार थोडी आहे, असे दिसून आले. पहिले सत्र संपता संपता तो ट्रिनिटीत गेला. तेथे त्याला विचारी मित्र लाभले. अभ्यासाची घडी बसायला मात्र वेळ लागला. जेम्सपाशी ज्ञानाचा साठा प्रचंड होता, पण तो इतका अस्ताव्यस्त, की शिस्तप्रिय शिक्षक हॉपकिन्स यांना तो मार्गी लावताना कष्ट पडले, अशी आठवण टेट यांनी नोंदविली आहे.

१८५३ च्या उन्हाळ्यात परीक्षेच्या श्रमांनंतर तो सफोक परगण्यात एका मित्राच्या काकांकडे गेला असता गंभीर आजारी पडला. हे काका धर्मोपदेशक होते. त्या कुटुंबाने महिनाभराहून अधिक काळ त्याची पोटच्या मुलासारखी शुश्रूषा केली. त्या प्रेमातून देवाच्या प्रीतीची नवी जाणीव आपल्याला झाली, असे तो मानी. लहानपणी पाठ केलेली वचने त्याच्या स्वतःच्या अनुभवाची झाली.

१८५४ च्या जानेवारीत गणिताची अंतिम परीक्षा झाली. तिच्यातील पहिल्या वर्गाच्या मानकऱ्याला रँग्लर म्हणत. १८९९ मध्ये रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे अग्रस्थानी आल्यामुळे हा शब्द मराठीत घरोघर पोहोचला. मॅक्सवेल दुसरे आले. पहिला आला तो एडवर्ड राउथ, आणि तो होता पीटरहाऊसचा! स्मिथ पारितोषिक मात्र दोघांना समान मिळाले. ट्रिनिटीने १८५५ मध्ये मॅक्सवेल यांची अधिछात्र म्हणून निवड केली. एडिंबरोत आरंभलेले रंगांचे प्रयोगही त्यांनी सोडले नव्हते. त्याच संशोधनातून १८६१ साली त्यांनी लंडनमध्ये रंगीत छायाचित्राचे पहिले प्रात्यक्षिक करून दाखविले.

इकडे वडिलांची प्रकृती खालावत होती. स्कॉटलंडमधील अ‍ॅबरडीन येथे प्राध्यापकाची जागा निघताच, वडिलांजवळ राहता येईल म्हणून मॅक्सवेल यांनी अर्ज केला. परंतु नेमणूक होण्यापूर्वीच, ३ एप्रिल १८५६ रोजी, वडिलांनी देह ठेवला. ज्यांच्यासाठी परतायचे, तेच उरले नाहीत. १८६० मध्ये फोर्ब्ज यांची एडिंबरोची जागा रिकामी झाली, तेव्हा तीही मॅक्सवेल यांना न मिळता टेट यांना मिळाली. त्यांनी मनात कटुता धरली नाही. दोघांचा स्नेह अखेरपर्यंत टिकला.

१८७१ मध्ये केंब्रिजने त्यांना प्रायोगिक पदार्थविज्ञानाचे पहिले प्राध्यापक नेमले, आणि १८७४ मध्ये त्यांच्या देखरेखीखाली कॅव्हेंडिश प्रयोगशाळा उभी राहिली. तिच्या दारावर १११ व्या स्तोत्रातील दुसरे वचन लॅटिनमध्ये कोरले गेले. परमेश्वराच्या कृत्यांची थोरवी आणि त्यांचा शोध घेणाऱ्यांचा आनंद सांगणारे ते वचन आहे. आईपाशी बसून स्तोत्रे म्हणणारा मुलगा आता या दाराआड सृष्टीची रहस्ये शोधणाऱ्यांचा गुरू झाला होता.

५ नोव्हेंबर १८७९ रोजी, ४८ व्या वर्षी, केंब्रिजमध्ये त्यांचे निधन झाले. आईला नेणारा रोगच त्यांनाही झाला होता. त्यांचा देह ग्लेनलेअरजवळच्या पार्टन येथील मंडळीच्या आवारात, आईवडिलांच्या शेजारी विसावला आहे.

आपल्या घरातून एखादा मुलगा वा मुलगी दूरच्या विद्यापीठाकडे निघेल, तेव्हा या पितापुत्रांची आठवण ठेवावी. मुलाने वडिलांच्या संमतीसाठी धीर धरला, आणि वेळ येताच वडिलांनी त्याला स्वतः नेऊन पोहोचविले. जुन्या विद्यापीठाची पदवी त्याने नेली नाही. परंतु तेथील विद्या आणि आईने दिलेले वचन त्याच्याबरोबर गेले, आणि शेवटपर्यंत बरोबर राहिले.